फाटकाचा वाटेकरी

गवसकाका कुणाच्याही शेतावर गेले की पहिला प्रश्न विचारत, "इथून बाहेर काय जाणार?" आत काय येणार, हे नंतर. फाटक करायला निघालेला माणूस ह्या प्रश्नाने गोंधळतो. मीही गोंधळले. आत येणाऱ्या वस्तूंची यादी मी घरून करून नेली होती: ट्रॅक्टर, ट्रॉली, कापणीचं कंबाइन, पाइपांचा ट्रक, कधीतरी जेसीबी. काकांनी ती वाचली, घडी घालून परत माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मॅडम, ह्यातली बहुतेक येताना रिकामी येतात. जाताना भरून जातात. माप जाणाऱ्याचं घ्यायचं."

सुभेदार गवस मूळचे दोडामार्गाकडचे, म्हणजे सिंधुदुर्गाचं पार दक्षिण टोक. सैन्यात इंजिनिअर होते. रस्ते, पूल, छावणीची फाटकं, सगळं केलेलं. निवृत्तीनंतर गावी न जाता सागरपूरच्या एका गल्लीत राहिले, कॅन्टोन्मेंटच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. दिल्लीच्या आसपास ज्या मराठी माणसाने जमीन घेतली, त्याला कुणीतरी सांगायचंच, "फाटक करण्याआधी गवसांना दाखवा. पैसे घेत नाहीत."

आम्ही पाच कुटुंबांनी मिळून हरियाणात झज्जरच्या बाजूला थोडी शेती घेतली होती. कागदपत्रं दातारसाहेब बघायचे. ते अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले, मयूर विहारला राहणारे. प्रत्यक्ष कामं माझ्याकडे होती, कारण ऑफिसातही ती माझ्याकडेच येतात आणि गाडी मी स्वतः चालवते. फाटकासाठी दोन वेल्डरांना विचारलं. एक म्हणाला दहा फूट, दुसरा म्हणाला वीस. पहिल्याच्या दुकानात दहा फुटी फाटक तयार पडलेलं होतं आणि दुसरा लोखंड किलोवर विकत होता. मग मी गवसांना फोन केला.

जानेवारीतली सकाळ होती. लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या क्वार्टरमधून निघून मी त्यांना सागरपूरला घ्यायला गेले. गल्लीच्या तोंडाशी ते उभे. सडपातळ, ताठ, इस्त्रीचा फुल शर्ट, त्यावर ऑलिव्ह स्वेटर, गळ्याला मफलर. मिशी इतकी काळी रंगवलेली की ती चेहऱ्याच्या आधी दिसायची. खांद्यावर बांबूच्या दोन काठ्या, चुन्याचे पट्टे ओढलेल्या. त्यांनी आधी पुढचं दार उघडलं. थोडं थांबले. लावलं. मग काठ्या घेऊन स्वतः मागे बसले.

"काका, पुढे या ना, पाय मोकळे राहतील."

"नको. मागे बरं आहे."

गाडी सुरू केली आणि सीटबेल्टचा अलार्म वाजायला लागला. पुढच्या रिकाम्या सीटचा. नुसती बॅग ठेवली तरी तो वाजतो, हे मला माहीत आहे. पण बॅग मागे होती, काकांच्या शेजारी. थोडा वेळ मी दुर्लक्ष केलं. मग मागून काकांचा हात आला, त्यांनी रिकाम्या सीटचा पट्टा ओढून खटकन लावला आणि अलार्म थांबला.

"सेन्सर गेला वाटतं," मी म्हटलं.

"असेल," काका म्हणाले.

बहादूरगड मागे पडल्यावर धुकं इतकं दाट झालं की मी पुढच्या ट्रकचे दिवे धरून चालले होते. काका एकदाच बोलले. म्हणाले, "ह्या धुक्याचं एक बरं असतं. लांबचं दिसत नाही, तेव्हा माणूस जवळचं नीट बघतो."

शेत चौधरी बघायचे. शेजारच्याच जमिनीचे मालक, आमचीही त्यांच्याकडूनच घेतलेली. सत्तरीचे, अंगावर कांबळं, हातात हुक्का. त्यांनी आमच्यासाठी ट्रॅक्टर-ट्रॉली आणून रस्त्यावर उभी केली होती. काकांनी त्यांच्याशी लष्करी हिंदीत बोलायला सुरुवात केली. त्यांचं हिंदी वाईट होतं, आणि ते समोरच्याचं हिंदी सुधारायचे. चौधरींना हे फार आवडलं.

फाटकाचं माप कसं घेतात, ते मला त्या दिवशी कळलं. सांगून ठेवते, कुणाला उपयोगी पडेल. फाटक किती रुंद हवं, हे फक्त वाहनावर ठरत नाही. बाहेरचा रस्ता किती रुंद, ह्यावर ठरतं. वाहन सरळ आत शिरणार असेल तर त्याच्या रुंदीहून थोडं जास्त पुरतं. पण अरुंद रस्त्यावरून वळून शिरायचं असेल, तर ट्रॉलीचं मागचं चाक खांबाला घासतं, म्हणून बरंच जास्त लागतं. आमचा रस्ता अरुंद. कंबाइनचं तोंड बारा फूट. रस्त्याला लागून फाटक केलं तर सोळा फूट हवं. तेच फाटक रस्त्यापासून ट्रॉलीच्या लांबीइतकं आत घेतलं, तर वाहन आधी वळून सरळ होतं, आणि मग चौदा फूट पुरतं. शिवाय फाटक उघडेपर्यंत ट्रॉली रस्त्यात आडवी उभी राहत नाही.

काकांनी काठ्या रोवल्या. चौधरींकडून ट्रॅक्टर आत-बाहेर करून घेतला. दर वेळी काठी थोडी सरकवली. मग ट्रॅक्टर बंद करायला लावला आणि आम्हाला दोघांना बाजूला व्हायला सांगितलं. स्वतः दोन काठ्यांच्या मधून चालत बाहेर आले, डावीकडे सरकून उभे राहिले, आणि थांबले. कुणीतरी मागून येत असलं की आपण थांबतो, तसे. धुक्यात त्यांच्या तोंडाची वाफ दिसत होती. त्यांनी मान वळवून डाव्या काठीच्या पलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "चौधरीसाब, ये पट्टी कैसी है?"

मी तिथे अनेकदा गेले होते, पण मला ती दिसली नव्हती. गहू वीतभर वर आलेला होता. त्यात एक पट्टी होती, जेमतेम दोन हात रुंद, तिरपी, शेतातून पार पलीकडे गेलेली. तिच्यातला गहू बाकीच्यापेक्षा आखूड, फिका. दवामुळे ती राखाडी दिसत होती. ती बरोबर डाव्या काठीच्या बाजूला रस्त्याला मिळत होती.

"उस पै गेहूँ चढ़ता कोनी जी," चौधरी म्हणाले. "बाप के टैम तै. पहले जोहड़ का रास्ता था. लुगाइयाँ पाणी नै जाया करती. जोहड़ सूख गया, हमनै जोत दिया."

"कितनी बार जोता?"

"हर साल जोतैं सैं. दिख जावै सै फेर भी."

तळ्यावर पाण्याला जाणाऱ्या बायकांच्या पायांनी वर्षानुवर्षं दाबलेली माती खोलवर घट्ट होते, तिथे मुळं जात नाहीत. ह्यात गूढ काही नाही. कृषी विभागातला कुणीही सांगेल. मी तसं काकांना सांगितलंही. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. माणसांनी सोडली, पण जमिनीनं सोडली नाही." आणि चहा मागितला. चहा ते उभ्यानेच प्यायचे. बसून प्यायलेला चहा गुडघ्यात उतरतो असं त्यांचं म्हणणं होतं. गुडघे मात्र उभ्याने पिऊनही गेलेले होते. गाडीत चढताना त्यांना दोन्ही हातांनी पाय उचलून आत घ्यावा लागला.

काका सर्वज्ञ होते असं कुणी समजू नये. सोहन्याकडे एका डॉक्टरीणबाईंना त्यांनी अठरा फुटी एकाच पाखाचं, म्हणजे एकाच झडपेचं, फाटक करायला लावलं होतं. दोन पाखं करा, असं वेल्डर म्हणत होता. काकांनी त्याला गप्प केलं. पावसाळा संपेपर्यंत ते फाटक आपल्याच वजनाने झुकून जमिनीत रुतलं. बाईंनी काकांना बोलावून दाखवलं. काका फाटकाभोवती फिरले आणि म्हणाले, "लोखंड कमी अकलेचं निघालं." स्वतःची चूक त्यांनी कधी कबूल केली नाही. आपल्या आवाजाचाही त्यांना अभिमान होता. तीन प्लॅटून ऐकतील असा होता म्हणे. आम्ही ऐकला तो खरखरीत होता, दिल्लीच्या धुरकटानं खाल्लेला.

तिसऱ्या दिवशी त्यांचा व्हॉट्सअपवर आवाजी निरोप आला. सगळं मुद्देसूद. "चौदा फुटी करा, दोन पाखांचं, एक दहाचं आणि एक चारचं. रोजच्याला छोटं उघडायचं. फाटक रस्त्यापासून आत घ्या. आणि डाव्या अंगाला एक वाटेकरी घ्यावा लागेल तुम्हाला. तेवढी माझी विनंती आहे. सगळ्यांनी विचार करून कळवा. घाई आहे, होळीच्या आत."

आमची बैठक मयूर विहारला दातारांच्या घरी झाली. मी निरोप सगळ्यांना ऐकवला. दातारसाहेबांनी चष्मा काढला.

"वाटेकरी? म्हणजे हिस्सेदार."

"तसंच वाटतंय," मी म्हटलं.

"बघा. मी तेव्हाच म्हटलं होतं, फुकट माप देणारा माणूस फुकट नसतो. पट्टी दाखवली, जुना रस्ता काढला, आता त्या पट्टीवर कुणाला तरी बसवणार. घाई पण आहे. अच्छा."

दातारांची मुलगी सायली खोलीतून बाहेर आली. दिल्लीतच वाढलेली. म्हणाली, "बाबा, वाटेकरी म्हणजे वेटर का?"

"वेटर नव्हे गं. वाटा मागणारा. शेअर."

"मग त्यांना सरळ सांगा ना, नो यार."

ठरलं ते असं: फाटक सोळा फुटी, रस्त्याला लागून, एकसंध. डावा खांब त्या पट्टीवरच येईल. आलेला चांगला, म्हणजे पुढे रस्त्याचा दावा नको. आणि गवसांना कुणीतरी समक्ष जाऊन विचारावं, हा वाटेकरी कोण. कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती.

मी संध्याकाळी ऑफिसातून परस्पर सागरपूरला गेले. दिल्लीत आता प्रत्येक कॉलनीच्या गल्ल्यांना लोखंडी फाटकं आहेत, त्यातली निम्मी कुलपात. काकांच्या गल्लीच्या फाटकावर एक पहारेकरी स्टुलावर बसला होता. कुणाकडे जायचं ते मी सांगितलं, तर तो हसला.

"फौजी दादाजी? वो तो घूमने गए हैं. दोनों."

"आंटीजी के साथ?"

"नहीं, आंटीजी घर पे हैं."

मी त्याच्याकडे पाहत राहिले. त्याने जरा ओशाळून सांगितलं, "मैडम, दादाजी पूरा गेट खुलवाते हैं. पहले खुद निकलते हैं, फिर बोलते हैं, एक मिनट. फिर बोलते हैं, हाँ, अब लगा दे. रोज़. बोलते-बोलते आदत हो गई, हम भी दो ही गिनते हैं." शेजारच्या तीन कॉलन्यांच्या कमिट्यांशी काकांचं भांडण होतं म्हणे. सगळी फाटकं संध्याकाळी उघडी ठेवा म्हणून.

काकूंनी दार उघडलं. ठेंगण्या, चपळ, बोलायला फटकळ. दोन खोल्या, लख्ख. मी वाटेकऱ्याचा विषय काढला. दातार काय म्हणाले तेही थोडं सौम्य करून सांगितलं. काकूंनी हातातला लसूण सोलायचं थांबवलं आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला.

"अहो, वाटेकरी म्हणजे वाटेचा. वाट्याचा नव्हे. तुम्हा घाटावरच्या लोकांना वाटा आधी दिसतो."

"वाटेचा म्हणजे?"

"म्हणजे ज्याची वाट असते तो." त्यांनी पुन्हा लसूण हातात घेतला. "आमच्याकडे गावच्या शिवेचा राखणदार असतो, न दिसणारा. तिन्हीसांजेला त्याच्या ठरलेल्या वाटेनं फिरतो. कुणी घर बांधलं, कुंपण घातलं, तरी त्याची वाट तेवढी सोडतात. हातभर. माझ्या दिरांनी चिऱ्याची भिंत घातली, मोठं गेट लावलं, त्या वाटेवरच. ह्यांनी सांगून पाहिलं, हातभर जागा सोडा. ते हसले. शिकलेले आहेत. मग ह्यांची रजा संपली, आम्ही सावंतवाडीला गाडीत बसलो. गाडी सुटली आणि हे सीटवर सरकून बसले. मी म्हटलं, का सरकताय, जागा आहे की. तर म्हणाले, 'त्याला दे.'"

बाहेर कुकरची शिट्टी झाली. दुसऱ्या कुणाच्या तरी घरातली.

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून. आम्ही तिघं राहतो घरात. रेशन तेवढं दोघांचं."

"तुम्हाला भीती नाही वाटत काकू?"

"कसली भीती? सासरचं माणूस आहे ते. हाकलू कसं?" त्यांनी सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. "पण ह्यांचे पाय बघितलेत ना. त्याला रोज चालवायला लागतं. थंडी असो, धुरकट असो. डॉक्टर म्हणतात बाहेर पडू नका, छाती भरलीय. आणि होळीनंतर मुलगा नेतोय आम्हाला ग्रेटर नोएडाला. विसावा मजला. ह्यांना मूल म्हणून सांभाळायचं की त्याला?"

तेवढ्यात काका आले. दारात क्षणभर बाजूला उभे राहिले, मग आत आले आणि खुर्चीत बसले ते बसलेच. श्वास लागला होता. काकूंनी त्यांना पाणी दिलं आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्यांना वाटलं तुम्ही जमीन मागताय."

काकांना राग आला नाही. पाणी पिऊन झाल्यावर ते मला म्हणाले, "विसाव्या मजल्यावर लिफ्ट आहे, बाई. लिफ्टला वाट म्हणत नाहीत." त्या दिवशी पहिल्यांदा ते मला मॅडमऐवजी बाई म्हणाले.

"म्हणून तुम्ही सगळ्यांची मापं घेत फिरता?"

"मापं मी खरीच घेतो," ते जरा दुखावले. "फाटक चुकलं तर शेत चुकतं. पण जाईन तिथे बघतो. कुठे मिळत नाही. सगळीकडे जमीन असते, वाट नसते. तुमच्याकडे तयार आहे. कुणी चालत नाही तिच्यावर आणि तरी ती बुजत नाही. माझ्या हयातीत अशी दुसरी मिळायची नाही. मी गेलो आणि हा इथे ह्या कुलपांत राहिला, तर?" त्यांनी कुठे बघून हे म्हटलं ते मला सांगता येणार नाही. माझ्याकडे बघून नव्हे. "तेका वाट होयी. वाट हवी त्याला. बस."

मी अशा गोष्टी मानत नाही. मानत नाही, हे मी त्यांना तिथेच सांगितलं. काका म्हणाले, "तुम्ही मानायची गरज नाही. चौदा फुटी करा म्हणजे झालं."

सोळा फुटी फाटकाचा खांब त्या पट्टीत काँक्रीटमध्ये उभा राहणार होता. चौदा फुटी, आत घेतलेलं, तिला सोडून उभं राहणार होतं. दोन फुटांवर सगळं अडलं होतं. पुढच्या बैठकीत मी राखणदाराचं नावही काढलं नाही. रस्त्याचा नकाशा काढून नेला, त्यावर ट्रॉली आडवी काढली आणि दातारांना विचारलं, फाटक उघडेपर्यंत गावातली शाळेची बस आली तर पोलिसांकडे कोण जाणार. दातारांनी नकाशा बराच वेळ पाहिला.

"पण जमीन सोडायची थोडी आपण? रस्त्याला?"

"सोडायची नाही. आपलीच राहते. फक्त फाटकाच्या बाहेर राहते."

"आणि तो हिस्सेदार?"

"गैरसमज होता. वाटेकरी म्हणजे पायी ये-जा करणारा. गडीमाणसांसाठी बाजूला हातभर फट ठेवा म्हणत होते."

हे खोटं नव्हतं. दातार म्हणाले, "नीलगायी घुसतील." त्याचं उत्तरही काकांनी देऊन ठेवलं होतं: फटीत तीन दांडे, एकाआड एक, असे रोवायचे की माणसाला अंग तिरकं करून वळून जाता येईल. "त्याला वळता येतं," काका मला म्हणाले होते. "जनावराला येत नाही." दातारांना एवढंच सांगितलं की माणसाला वळता येतं.

फाटक बसवलं त्या सकाळी पुन्हा तसंच धुकं होतं. होळी जवळ आली असताना एवढं धुकं पडत नाही, असं चौधरी दोनदा म्हणाले. दातार थंडीमुळे आले नाहीत. वेल्डर बिजागऱ्या चढवून, पैसे घेऊन निघून गेला. काकांनी दोन्ही पाखं उघडून-लावून पाहिली, बिजागरीत बोट घालून ग्रीस चाखल्यासारखं बघितलं आणि वेल्डर नसताना त्याला नावं ठेवली. तारेचं कुंपण अजून व्हायचं होतं. त्यामुळे त्या धुक्यात नुसतं फाटक उभं होतं, त्याच्या डाव्या अंगाला तीन दांडे, आणि आजूबाजूला काही नाही.

काकांनी पिशवीतून विड्याची पानं, सुपारी आणि नारळ काढला. ते दांड्यांच्या पायथ्याशी ठेवलं. डोक्यावरची लोकरी टोपी काढली.

"गाऱ्हाणं घालतो," ते मला म्हणाले. "गावी मागे दहा-बारा जण असतात 'व्हय म्हाराजा' म्हणायला. इथे तुम्हीच आहात. मी थांबलो की म्हणा. मानत नसलात तरी म्हणा."

आणि तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तीन प्लॅटूनचा. धुक्यात तो कुठेच आपटला नाही, नुसता पुढे गेला.

"बा म्हाराजा. आजपर्यंत तू माझ्यावांगडा चाललस. ऊन बघलंस नाय, थंडी बघलंस नाय. आज तुका हंय वाट दिली. ह्या वैशालीबायनं दिली. तिका तुझी वळख नाय, तरी दिली."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. माझा आवाज मला फार लहान वाटला.

"हिचा शेत राख. हिच्या पोराबाळांका सांभाळ. काय चुकला माकला तर पदरात घे. आणि माका आता मोकळो कर."

"व्हय म्हाराजा."

काका थांबले. मान कलती करून उभे राहिले. मग टोपी डोक्यावर चढवत मला म्हणाले, "झालं. दोघांनी म्हटलं. पुरे."

मला वाटलं, दुसरे चौधरी. मी वळून पाहिलं. चौधरी पलीकडे ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभे होते, हुक्क्याची नळी तोंडात. ते माझ्या मागे, गव्हाच्या दिशेने बघत होते.

"बेटी," ते हळूच म्हणाले, "थारै गैल कौण बोल्या?"

माझ्याबरोबर कोण बोललं, असं ते विचारत होते. कारण शोधायचं तर सापडलं असतं. उघड्या रानात, धुक्यात, पाण्याच्या टाकीवर आपटून आवाज परत येतो. टाकी कुठे आहे, ते मात्र मी पाहिलं नाही. मी गाडीची किल्ली काढली आणि काकांना म्हटलं, "चला, उशीर झाला. काकू वाट बघत असतील."

"तुम्ही या गाडी घेऊन. मी पुढच्या वळणापर्यंत चालतो."

"काका, गुडघे."

"माहीत आहे. इतक्या वर्षांत एकटा चाललो नाही, बाई. जरा चालून बघतो."

ते फाटकातून बाहेर पडले आणि रस्त्याला लागले. मी गाडीजवळ उभी राहून पाहत होते. चाल ताठ होती, पण त्यांना रस्त्यावर कुठून चालावं हे ठरवता येत नसल्यासारखं दिसत होतं. थोडं उजवीकडे, थोडं मधून. धुकं त्यांच्या स्वेटरपर्यंत आलं. तिथे ते थांबले. उजव्या बाजूला मान वळवून काहीतरी बोलले, माणूस चालता चालता शेजारच्याला सहज बोलतो तसं. मग तसेच उभे राहिले, कान देऊन. बराच वेळ उभे राहिले. आणि उत्तर आलं नाही तेव्हा टोपी कानांवर ओढून घेऊन पुढे गेले.